पोपटरावांचे नऊ मार्क

इस्पितळात त्यांना सगळे पोपटराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढं तिथे पुरे. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, पेशंट आपल्या भाषेत रडायचे, आणि मधे उभं राहून पोपटराव एकाचं दुसऱ्याला सांगायचे. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. नाव वॉर्डबॉयने ठेवलेलं, पण ते नाव चुकीचं होतं. पोपट ऐकलेलं जसंच्या तसं बोलतो. पोपटराव तसं कधीच बोलले नाहीत.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. एका ट्रक ड्रायव्हरबद्दल मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिने आहेत, घरच्यांना भेटून घ्यायला सांगा. पोपटरावांनी खाटेकडे पाहिलं. तो बिचारा सदऱ्याचं बटण पिळत बसला होता. "वेळ लागेल म्हणतात. धीर धरा," पोपटराव म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी हे घरी मोठ्या कौतुकाने सांगितलं. माणसाच्या तोंडावर मरण फेकायला काही अक्कल लागत नाही, ती लागते न फेकायला, असंही वर म्हणाले. बायकोने मान डोलावली. लेकीने ऐकून घेतलं.

ड्रायव्हर सात आठवड्यांत गेला. पुढे काय झालं ते मात्र पोपटरावांनी घरी सांगितलं नाही.

मग परिपत्रक निघालं. यापुढे दुभाष्याचं काम करायचं तर पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. परीक्षा वर्षातून एकदा, वयाची अट पंचावन्न. पोपटरावांना परीक्षेनंतर दोनच महिन्यांनी पंचावन्न पुरी होत होती, म्हणजे संधी एकच. नापास झाले तर तळघरातल्या चादरींच्या खोलीत बदली. मळक्या मोजून घ्यायच्या, धुतलेल्या मोजून द्यायच्या. वॉर्डात ज्यांच्यासाठी डॉक्टरही थांबून राहायचे, त्या माणसाला हे मरणाहून वाईट वाटत होतं, आणि ते त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

लेखी भाग सोपा होता. खरी मेख होती ऐकण्यात. वॉर्डात डॉक्टर त्यांना सावकाश, लागलं तर दोनदा सांगत; इथे तसं नव्हतं. कानाला हेडफोन लावून इंग्रजी संभाषण एकदाच ऐकायचं आणि त्यावरच्या दहा प्रश्नांची उत्तरं लिहायची. अशी दहा संभाषणं, शंभरात सत्तर मिळाले तर पास. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोपटरावांच्या फोनवर सरावाची चाळीस संभाषणं घालून दिली. औषधाच्या दुकानातली बाई, विम्याचा माणूस, पाय मोडलेला खेळाडू, असली सगळी मंडळी.

सराव रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. लेक कापडाच्या दुकानात कामाला होती. निघण्याआधी ती फोन चालवायची, उत्तरं तपासायची. पोपटरावांना फोनची बटणं चष्म्यातूनही धड दिसत नसत. पहिल्या दिवशी औषधाच्या दुकानातली बाई बोलायला लागली आणि बोलून गेलीसुद्धा.

"किती?" पोपटरावांनी विचारलं.

"तीन," लेक म्हणाली.

ते डबा न घेता कामावर गेले, आणि संध्याकाळी भूक नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सहा आले. आठवड्याभरात आठ. महिन्याने नऊ, आणि नवावरच गाडी स्थिरावली. आवाज थोडे जड वाटायचे, आत्ताच झोपेतून उठल्यासारखे. पण शिकलेली माणसं अशीच ठाम बोलत असणार, असं पोपटरावांनी ठरवून टाकलं. पोटात मावेना तेव्हा ते लोकांना सांगत सुटले. आधी शेजारच्यांना, मग वॉर्डबॉयला, मग थेट मोठ्या डॉक्टरीणबाईंना. "नऊ येतात," ते म्हणायचे, "एखादा मुद्दाम सोडतो, दृष्ट लागू नये म्हणून."

परीक्षेच्या दिवशी बायकोने इस्त्रीचा सदरा काढून दिला. खोलीत बावीस जण होते, बहुतेक सगळे त्यांच्या मुलीच्या वयाचे. हेडफोनमध्ये एक माणूस बोलू लागला, आणि पोपटराव पहिलं वाक्य मनात धरतात न धरतात तोच तो पाचव्यावर पोचला होता. त्यांनी मान वळवून बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे शांतपणे लिहीत होते. बिघाड फक्त त्यांच्याच हेडफोनमध्ये असावा, असं वाटून त्यांनी हात वर केला. निरीक्षकाने तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, ठीक आहे म्हणून खूण केली, आणि परत दिला. एवढ्यात आणखी एक संभाषण निघून गेलं.

ऐकण्यात शंभरात एकतीस. निकाल भिंतीवर लागला तेव्हा वॉर्डबॉय लिफ्टपाशी म्हणाला, आज पोपटरावांचाच पोपट झाला. सगळे हसले. ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसले.

तरुण डॉक्टरीणबाईंना मात्र खरंच वाईट वाटलं. नक्की कुठे अडलं ते बघू या, म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवर औषधाच्या दुकानातली बाई लावली. पोपटरावांना ती बाई तोंडपाठ होती. पण ही भलतीच घाईत निघाली होती.

"माझ्याकडची अशी नाही बोलत," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला फोन पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी फोन पाहिला. मग नजर वर न उचलता म्हणाल्या, "यात वेग कमी केलेला आहे, काका. जवळजवळ निम्मा. कोणीतरी मुद्दाम करून ठेवलाय."

कोणीतरी म्हणजे कोण, हे कळायला परीक्षेची गरज नव्हती. पाच महिने पोटच्या पोरीने बापाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि बाप वर बसून गावाला मार्क सांगत होता. घरापर्यंतचा रस्ता ते चालत गेले. बस समोर थांबली तरी त्यांनी धरली नाही.

लेक टेबलापाशी भाजी चिरत होती. त्यांनी फोन तिच्यासमोर ठेवला.

"हे तू केलंस?"

तिने सुरी खाली ठेवली. "हो."

"का?"

"पहिल्या दिवशी तीन आले तर तुम्ही जेवला नाहीत, बाबा. मला बघवलं नाही. म्हटलं, आठ दिवस सोपं करू, मग हळूहळू वाढवू. पण तुम्ही शेजारीपाजारी मार्क सांगायला लागलात. मग कुठल्या तोंडाने वाढवू?"

"माझे पाच महिने खाल्लेस तू. वैरी परवडला. तो निदान समोरून मारतो."

"माझं चुकलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "पण शिकले तुमच्याकडूनच. त्या ड्रायव्हरला तुम्ही काय सांगितलंत? इथेच बसून सांगत होतात ना, अक्कल लागते ती न फेकायला?"

बायको ओट्यापाशी होती, ती म्हणाली, "अगं, बापाशी असं बोलतात?"

"बोलू दे," पोपटराव म्हणाले. ते खुर्चीत बसले. मग जे वर्षभर पोटात ठेवलं होतं ते बाहेर काढलं. "तो गेल्यावर त्याचा भाऊ आला होता. भांडला नाही, शिवी दिली नाही. म्हणाला, दादाला गावी जायचं होतं. आईला भेटायचं होतं. तुम्ही वेळ लागेल म्हणालात, म्हणून तो म्हणाला, बरा होऊनच जाईन. एवढं बोलून गेला तो."

कुकरची शिट्टी झाली तशी बायकोने गॅस बंद केला. लेकीने चिरलेली भाजी नुसतीच एका बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटराव नेहमीच्या वेळी टेबलापाशी येऊन बसले. पेन्सिल आणि कागद घेऊन. परीक्षा आता कधीच नव्हती. आठ वाजता तळघरात चादरी मोजायला हजर व्हायचं होतं.

"लाव," ते म्हणाले.

"आता कशाला, बाबा?"

"लाव म्हटलं ना. आहे त्या वेगाने."

तिने लावलं. औषधाच्या दुकानातली बाई आली आणि गेली. पोपटरावांनी जमेल तशी दहा उत्तरं लिहिली आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने तपासायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"किती?"

"तीन."

ओट्यापाशी बायको पाठमोरीच पुटपुटली, "पाच तरी म्हणायचे, गं."

लेकीने बापाकडे पाहिलं. पेन्सिल तिच्या हातात तशीच थांबली होती.

"तीनच लिही," पोपटराव म्हणाले, आणि डबा घेऊन कामावर गेले.