सतरा आणि अठरा

पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा, नखाएवढा, त्यावर निळ्या शाईत सतरा — वायरवर नव्हे, खाली फरशीवर, व्हॅनच्या पुढच्या चाकाजवळ. आणि हातभर अंतरावर अठरा. उकाड्याने गोंद सुटला असणार. तिने दोन्ही तुकडे बोटावर चिकटवून घेतले आणि वर पाहिलं, तर उघड्या झाकणाखालून दोन वायरी लोंबत होत्या, दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्याच जाड. यातली सतरा कोणती... शिवणकामात बाही उलटी लागली तर उसवता येते, इथे ती सोय नव्हती. जुनं इंजिन उतरवून दुसऱ्या गाडीतलं हे इंजिन ज्याने आत बसवलं त्या गॅरेजवाल्याने बजावून ठेवलं होतं, या दोन उलट्या लागल्या आणि चावी फिरली की इंजिनचा कंप्युटर जळालाच समजा, वहिनी, आणि याचा दुसरा आता मिळायचा नाही. वायरिंगला मी आणतो कुणाला तरी, असंही म्हणाला होता. तिनेच नको म्हटलं.

नवरा शेडच्या दारात खुर्चीवर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला — ठेवलेला, कारण सकाळी तो तिनेच तिथे ठेवला होता. बत्तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवलेला माणूस. इंजिन बदलू, मग दोघंच निघू, वाट फुटेल तिकडे, हा बेत त्याचाच. वायरींवर आणि इंजिनाकडच्या टोकांवर आकडे त्यानेच टाकले होते, म्हणजे सतराला सतरा, अठराला अठरा. जोडायला सुरुवात करायची आणि मेंदूतली एक नस फुटली. सगळे शब्द गेले, राहिला एकच. बघू.

राहून राहून राहावा तर हाच! उभ्या संसारात या शब्दाने तिचा जीव खाल्ला होता. आखूड, तोडून टाकलेलं ‘बघू’ म्हणजे नाही. लांबवलेलं ‘बघूऽ’ म्हणजे करीन, पण कधी ते विचारू नकोस. आणि मऊ, खालच्या पट्टीतलं म्हणजे हो — ते फार क्वचित, मुलीच्या लग्नाला, घरावर मजला चढवताना. म्हणून बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई जेव्हा म्हणाल्या की यांना विचारत राहा, सल्ला घेत राहा, तेव्हा तिला उलट हायसं वाटलं. एक शब्द तर एक शब्द. मला पुरतो. मी काय यांना आज ओळखते आहे...

तीन आठवडे, रोज दुपारी. पाचला पाच, बरोबर ना? बघू — मऊ. नऊला नऊ? बघू — मऊ. सोळा जोड झाले. गॅरेजवाला तपासून गेला, एक चूक नाही म्हणाला, आणि त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मुलीला फोनवर सांगितलं, सगळं बाबाच सांगतात गं, मी नुसती हमाल.

तिने एक वायर उचलून दाखवली.

“अहो, ही सतरा ना?”

“बघू.” मऊ. म्हणजे हो. तिचा जीव भांड्यात पडला. मग, आपली खात्री असावी म्हणून, दुसरी उचलली.

“की ही?”

“बघू.” तसंच मऊ. तीच पट्टी, तेच अर्ध्या तोंडाचं हसू.

दमले असतील. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. सोळा जोड... पण ते तर आकड्यांनीच सांगितले होते, पाचला पाच कुणीही लावलं असतं — हा विचार तिने झटकला, आणि तो कपड्यावरच्या दोऱ्यासारखा चिकटूनच राहिला. मग तिच्या हाताने जे केलं ते तिने ठरवलेलं नव्हतं. बाकावर बॅटरी होती. तिने मोठा पाना उचलला आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा धरला, बोटभर वर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती सहज असाच पाना ठेवायला गेली होती, तेव्हा हा वीस पावलांवरून ओरडत धावला होता, मनगट असं हिसडलं होतं की दोन दिवस दुखत होतं. बॅटरी फुटून डोळे गेले असते तुझे, म्हणत मग कितीतरी वेळ स्वतःच थरथरत बसला होता. बाकी सगळं विसरतील. हे नाही.

“पाना इथे ठेवू का?”

ओरडा ना... अहो, एकदा ओरडा माझ्यावर.

“बघू,” तो म्हणाला. मऊ. मुलीच्या लग्नाचं.

तिने पाना खाली ठेवला. आधी राग आला, त्याचाच, मग स्वतःची लाज वाटली — आजारी माणसाची अशी परीक्षा घेतात का — आणि मग लाजही ओसरली, राहिली नुसती भीती. वायरींचं काय, कुणी येऊन मीटर लावून सांगेल. पण इतके दिवस तिला वाटत होतं, या घरात आपण दोघं आहोत.

तो तिच्याकडेच पाहत होता, मान जराशी पुढे काढून, दुकानात गिऱ्हाइकाचं ऐकताना बसायचा तसा. त्याला वाटत होतं, आपण सांगतो आहोत. तीन आठवडे, रोज दुपारी, त्याला तसंच वाटत आलं होतं. त्याला काही कळत नाही हे आता तिला कळलं होतं, आणि तिला ते कळलंय हे मात्र तिच्या चेहऱ्यावरून त्याला नक्की कळलं असतं.

तिने दोन्ही वायरी पुन्हा हातात घेतल्या, त्याला नीट दिसतील अशा. आवाज नेहमीसारखाच ठेवला.

“सांगा ना, अहो,” ती म्हणाली, “मला यातलं काय कळतंय?”