परवानगीशिवाय छापलेला लेख

कावेरीनं आयुष्यात मराठीत एकच लेख लिहिला, आणि तोच तिच्या मुळावर उठला.

छापला तिच्या वडिलांनी. शेषगिरी, म्हणजे तिचे अण्णा, टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिथल्या जुन्या मराठी समाजाच्या मंडळाचा दसरा अंक काढत. अंक मराठीत असे, हीच त्याची अडचण. तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेल्या या घरांत मराठी असते ती बोलण्यापुरती, तीही निम्मी कन्नड मिसळून. वाचतो कोण? दोनशे प्रती निघत, लोक त्या प्रसादासारख्या घेत आणि कपाटात ठेवून देत. तरी अण्णा दरवर्षी लेखांसाठी दारोदार फिरत. एका वर्षी कुणीच काही दिलं नाही, तेव्हा त्यांनी मुलीपुढे हात पसरला.

"स्वल्प काहीतरी दे गं. तुझ्या त्या लेपावरच दे."

कावेरी कोरमंगल्यातल्या एका छोट्या कंपनीत रसायनतज्ज्ञ होती. पेशंटला लघवीसाठी नळी घालतात, तिच्यात चार दिवसांत जंतू धरतात, ताप चढतो आणि म्हातारी माणसं मूळ आजारातून उठून या तापानं जातात. नळीला आतून लावायचा एक लेप तिनं सात वर्षं खपून तयार केला होता. त्यावर जंतू बसतच नसत. पेटंटचा अर्ज जानेवारीत करायचं ठरलं होतं आणि तोवर बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऑफिसात तर ती लेपाचं नावही हळू आवाजात घेई. पण मराठी तिच्या लेखी बाहेरची भाषाच नव्हती. मराठीत सांगणं म्हणजे स्वयंपाकघरात सांगणं. एवढी शिकलेली बाई, पण इथं फसली.

अण्णांनी हट्ट धरला, "मोघम लिहू नको, वाचणाऱ्याला करून बघता आलं पाहिजे." मग तिनं कोणती द्रव्यं, किती, किती तापवायची, तेही लिहिलं. खरं सांगायचं तर लिहिताना तिला फार मजा आली.

अंक ऑक्टोबरात निघाला आणि मंडळाच्या वेबसाइटवरही चढला. अर्ज जानेवारीत गेला. तीन वर्षांनी एका बड्या परदेशी कंपनीनं हरकत घेतली की हा शोध नवा नाही, अर्जाच्या आधीच तो छापून आलाय. सोबत लेखाची प्रत होती आणि नीटनेटकं इंग्रजी भाषांतर.

कंपनीचे मालक जयतीर्थ तिच्यावर रागावलेसुद्धा नाहीत. "पेटंट गेलं तर इस्पितळातल्या चाचण्यांत कुणी पैसा घालणार नाही," एवढंच म्हणाले. "मग लेप आपल्या बाटलीतच राहिला, कावेरी."

वकील हर्षिताचं ऑफिस जयनगरात होतं. अण्णा हट्टानं बरोबर आले. हर्षितानं कागद पुन्हा पुन्हा वाचले आणि कन्नडात म्हणाली, "एकच वाट आहे. लेख तुमच्या परवानगीशिवाय छापला असेल आणि कळल्याबरोबर तुम्ही अर्ज केला असेल, तर कायदा तो लेख तुमच्याविरुद्ध धरत नाही. तसं झालं होतं का?"

कावेरी समोरचे कागद सरळ करू लागली.

"तसंच झालं," अण्णा म्हणाले. "हिच्या वहीतून मी चोरून उतरवून घेतलं. हिला पत्ताच नव्हता."

कावेरीनं त्यांच्याकडे पाहिलं. मंडळाच्या निवडणुकीत स्वतःविरुद्ध पडलेलं बाद मत भांडून मोजायला लावणारा हा माणूस. आणि तिला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी हायसंच वाटलं.

प्रतिज्ञापत्रावर सही झाली. घरी येऊन अण्णांनी संपादकपदाचा राजीनामा लिहिला. चोरून छापणाऱ्यानं संपादक राहू नये, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं. अध्यक्ष अप्पासाहेबांनी तो स्वीकारला. थांबा म्हणाले नाहीत. देवळात लोक अण्णांशी दोन शब्द कमी बोलू लागले आणि कावेरी हे सगळं डोळ्यांनी बघत राहिली.

सुनावणी मार्चमध्ये झाली, हर्षिताच्या ऑफिसातून, पडद्यावर. पेटंट कार्यालयाचे अधिकारी चेन्नईत बसले होते. साक्ष मराठीतच देणार, असं अण्णांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे दुभाषा आला तो लेखाचं भाषांतर करणारा पुण्याचा अभिराज. दोन्ही बाजूंना तो चालला.

सुरुवात ठीक झाली. वही कुठं होती? कपाटात. मुलीला विचारलं होतं? नाही. तिला कळलं केव्हा? अंक निघाल्यावर दोन महिन्यांनी. अण्णा न अडखळता खोटं बोलत होते, आणि प्रत्येक उत्तराला कावेरी जमिनीकडे बघत होती. मग अधिकारी कागदांत काही शोधू लागले. तेवढ्या वेळात अभिराज आपणहून बोलला.

"आजोबा, मी आपलं सहज विचारतो. 'डोशाच्या तव्यावर आधी कांदा फिरवतात, पीठ चिकटू नये म्हणून, तसा हा लेप.' किती सुरेख लिहिलंय हो! ते इंग्रजीत आणायला मला दोन दिवस लागले. तुम्हालाच सुचलं का?"

इतक्या वर्षांच्या अंकांतलं एखादं वाक्य आवडलं, असं अण्णांना कुणीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. कावेरीनं टेबलाखाली त्यांचा गुडघा घट्ट दाबला, पण उशीर झाला होता.

"माझं कुठलं! हिचंच ते," अण्णा म्हणाले. "मी काढ म्हणालो होतो, शास्त्राच्या लेखात कांदा कशाला? प्रूफ वाचताना हिनं परत घातला. बरं केलं की नाही?"

 पलीकडच्या वकिलानं विचारलं, ते काय म्हणाले? अभिराजनं खाली मान घालून सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. त्याचं कामच ते होतं.

हर्षितानं आपल्या बाजूचा आवाज बंद केला. "सरी, ठीक आहे," ती म्हणाली, "आता अर्ज तुम्हीच मागे घ्या. नाहीतर खोट्या प्रतिज्ञापत्राचं प्रकरण यांच्यावर शेकेल." दुपारी कावेरीनं अर्ज मागे घेतल्याच्या पत्रावर सही केली. सात वर्षं पाण्यात गेली, आणि सहीला मिनिटभरही लागलं नाही.

खाली फुटपाथवर अण्णा ऑटो थांबवायचं विसरून नुसतेच उभे राहिले.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं. माफ कर."

लेख तिनं लिहिला होता, प्रूफ तिनं वाचलं होतं, आणि ते चोर ठरत असताना गप्पही तीच बसली होती. हे आत्ता म्हणायला हवं, हे तिला कळत होतं. पण बाटलीतला लेप डोळ्यांपुढून हलत नव्हता आणि त्यांचा तिला मनापासून राग आला होता.

"जाऊ दे अण्णा, होतं असं," ती म्हणाली.

खरं बोलल्याबद्दल बापानं तिची माफी मागितली, आणि तिनं ती दिली.