क्लॅरीच्या ताटातला कॅन्सर

रविवारच्या बाजारात लाइलच्या टेबलाभोवती ही गर्दी! टेबलावर काचेच्या बरण्या, बरण्यांत काळे खडे, खड्यांना लोंबणारे धागे.

"बघा मंडळी, मुळासकट कॅन्सर!" लाइल ओरडत होता. "डॉक्टर वरवर छाटतात, मूळ आतच राहतं. माझं काळं मलम शहाणं आहे. चांगल्या मांसाला शिवत नाही, वाईट तेवढं हुडकून बाहेर ओढतं!"

मलमाला शाळेत घातलं होतं की काय, कोण जाणे! पण लोक माना डोलावत होते आणि सगळ्यांत पुढे माझा नवरा, क्लॅरी.

क्लॅरीने उभा जन्म क्वीन्सलँडच्या उन्हात, नुसत्या बनियनवर उसात काढला. दंडावर काळा डाग उठला, पसरला, कडेने वेडावाकडा झाला. डॉक्टर टिअर्नीबाईंनी डागाचा तुकडा तपासून घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "कॅन्सर आहे. पण वेळेत सापडलाय. लगेच काढला तर निभावेल. थांबलात तर जिवाशी गाठ आहे."

"ती पोरगी! काल शाळेतून सुटलीय," क्लॅरी घरी येऊन म्हणाला. खरं म्हणजे गडी सुरीला घाबरला होता. सापाला शेपटीने उचलतो, पण सुई दिसली की पांढराफटक! सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या. शेवटी त्याने लाइलकडून डबी आणलीच. मी डबी उचलली आणि थेट दवाखाना गाठला.

बाई हसल्या. "नोरीन, शुक्रवारी पबात सोडत आहे ना?"

आमच्या पबात शुक्रवारी कच्च्या मांसाच्या ताटाची सोडत असते. ताट नेमकं क्लॅरीला लागलं. बाईंनी त्यातल्या डुकराच्या तुकड्यावर सर्वांसमोर लाइलचं मलम थापलं.

"अहो बाई, माझं रविवारचं जेवण!" क्लॅरी कळवळला.

रविवारी सकाळी पबच्या फ्रिजमधून तुकडा काढला. मलमाखालचं मांस काळं, टणक झालं होतं. चिमट्याने ओढल्यावर गाठ धाग्यांसकट सुटून आली. ती बरणीत घालून आम्ही सगळे बाजारात गेलो आणि मी साळसूदपणे बरणी लाइलपुढे धरली.

"अरे बापरे! जालीम कॅन्सर! मुळं बघा केवढी! माणूस थोडक्यात वाचला."

"माणूस नाही हो," मागून बाई म्हणाल्या, "क्लॅरीचं जेवण."

पबवाले पोट धरधरून हसले. लाइल चाचरला, "त्या... त्या डुकराला कॅन्सर असेल!"

"मग तुझ्या तळहातावर लावू? चांगल्या मांसाला शिवत नाही ना?" मी विचारलं. लाइलने दोन्ही हात खिशात घातले.

"यात जाळणारा क्षार आहे," बाईंनी सांगितलं. "चांगलं-वाईट काही ओळखत नाही, लागेल ते मांस जाळतो. ही मुळं म्हणजे जळलेल्या मांसाचे धागे. वरून जखम भरते आणि आत कॅन्सर उरला, तर तो गुपचूप वाढत राहतो."

क्लॅरीची हसता हसता बोबडीच वळली. दंड चोळत म्हणाला, "बाई, उद्या वेळ आहे?"

दुसऱ्या दिवशी डाग काढताना त्याने डोळे मिटून माझा हात असा आवळला की बोटं माझीच सुजली. कॅन्सर पूर्ण निघाल्याचं पुढे तपासणीत कळलं, तेव्हा मी दवाखान्याच्या दारातच रडले.

म्हणून सांगते, अंगावरचा डाग बदलला तर डॉक्टरला दाखवा. शंका आली तर खुशाल दुसऱ्या डॉक्टरला विचारा, पुरावा मागा. पण आपलं माणूस बरणीवाल्याच्या हाती देऊ नका.