झाकणावरचे थेंब

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं घरच्या पियानोच्या झाकणाला पॉलिश करत होतो. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे पियानो चमकवले. घरच्याची पाळी आत्ता कुठे आली होती. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, ती चोळायला कापसाची पोटली. पोटली अडखळली तर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि शेवटी ते तेल स्पिरिटच्या फडक्याने काढून टाकायचं, हा त्यांचा नेम. ‘‘लाखेखाली तेल दडवलं, तर महिन्याभराने चारचौघांत वर येतं,’’ असं ते म्हणायचे.

त्यांना धाप लागली. पोटली माझ्या हातात देऊन ते आत जाऊन पडले. पोटली चिकटायला लागली. मी तेल घातलं, पुन्हा घातलं. झाकण आरशासारखं दिसू लागलं.

‘‘तेल काढलंस ना गं?’’ त्यांनी आतून विचारलं.

मी ‘हो’ म्हणाले. सकाळी ते उठले नाहीत.

दीड महिन्याने झाकणावर थेंब आले. आई खुर्ची ओढून त्या थेंबांसमोर बसली. मग शेजारपाजार जमू लागला, आणि त्यांच्यामागून मध्यस्थ आला. मेलेल्यांचे निरोप तो जिवंतांना पोचवतो, म्हणून हे नाव. उलट दिशेचा निरोप त्याने कधी नेल्याचं ऐकिवात नाही. तो आधी खिडक्या लावून घ्यायचा. आत्म्याला म्हणे वारा सोसत नाही. बाबांनी हयातभर उघड्या खिडकीशी काम केलं, हे बहुधा त्यांनी त्याला कळवलं नसावं. मग तो झाकणावर दोन मोठे दिवे ठेवायचा. वीस माणसांच्या श्वासांनी खोली तापायची आणि थेंब फुटायचे.

‘‘रडतायत ते,’’ तो हलकेच सांगायचा. ‘‘तुमच्यासाठी, काकू.’’

आईला मधुमेह. पायाच्या अंगठ्याला जखम. सुई टोचली की बाबांशी जुळलेला दुवा तुटतो, असं त्याने सांगितलं आणि तिने इन्सुलिन बंद केलं. जखमेवर ती ते थेंब चोळू लागली. आठव्या दिवशी अंगठ्याची कड काळी पडली. डॉक्टरीणबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या: असंच चाललं तर पाय कापावा लागेल. आईने त्यांच्यामागे शांतपणे दार लावलं.

थेंबांचं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पुढच्या बैठकीला मी खिडक्या उघडल्या, दिवे उचलले, झाकण कोरडं पुसलं. अर्धा तास गेला, काही आलं नाही. मग एकच दिवा डाव्या टोकाला ठेवला. थेंब आले ते फक्त तिथेच. त्यातला एक मी तपकिरी कागदावर टिपला, शेजारी पाण्याचा एक टाकला. पाणी वाळलं. झाकणावरच्या थेंबाच्या डागातून खिडकीचा उजेड आरपार दिसत राहिला. कागद हातोहात फिरला.

‘‘हे जवसाचं तेल आहे,’’ मी म्हटलं. ‘‘लाखेच्या थराखाली राहिलेलं. ऊब मिळाली की वर येतं. पुसलं तरी पुन्हा येतं. याने जखम भरत नाही. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, घरी जाऊन कागदावर करून बघा.’’

मध्यस्थ हसला. ‘‘लेकीला पटत नाही, म्हणून तर ते रडतात.’’

आईने कागद माझ्या हातात परत दिला. ‘‘चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकदा तरी तेल राहिलं होतं का? तूच सांग.’’

मध्यस्थाने खिडकी लावायला हात पुढे केला.

मी आईच्या पायाशी बसले. जखमेचा वास मला तेव्हा पहिल्यांदा आला.

‘‘त्यांच्या हातून नाही, आई. शेवटचं पॉलिश मी केलं. तेल माझ्याकडून राहिलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी ‘हो’ म्हणाले, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून झोपले.’’