पाठीवरचा डबा

गोवर्धन मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नसे. शेजारच्या पोराचं लग्न जमलं, तर मुलीकडच्यांना कळायच्या आधी मास्तर ते अर्ध्या गोंदियाला सांगून मोकळे होत. पण एक गुपित मात्र त्यांनी पंधरा वर्षं सांभाळलं होतं, आणि तेही पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात.

मास्तर शहरातल्या सार्वजनिक तरणतलावावर पोहायला शिकवत. काठावर शिट्टी आणि बांबू घेऊन उभं राहण्याचं, म्हणजे जीवरक्षकाचं कामही त्यांच्याचकडे होतं. त्यांचं स्वतःचं लहानपण चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी गेलेलं. बापानं पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना पाण्यात सोडलं होतं. भोपळ्याच्या जागी मास्तरांनी तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा आणला. झाकण घट्ट लावायचं, डबा पाठीला बांधायचा, की शिकणारा हमखास तरंगतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. खरी गंमत पुढे होती. दुसऱ्या दिवसापासून मास्तर दुपारी गुपचूप त्या डब्यात माठातलं एक ग्लास पाणी ओतत. तिसऱ्या दिवशी आणखी एक. विसाव्या ग्लासाला डबा काठोकाठ भरे. आता तो कुणालाच तारत नसे, शिकणारा आपल्याच हातापायांवर पोहत असे आणि समजत असे की डबा आपल्याला वाचवतोय. मग शेवटच्या शनिवारी मास्तर सगळ्यांना काठावर बसवत, एकेकाचं झाकण उघडत आणि सगळ्यांदेखत पाणी ओतून दाखवत. त्या वेळचे चेहरे बघण्यासाठी मास्तर सगळा उन्हाळा काढत.

आतलं पाणी दिसू नये म्हणून डब्यांना लाल ऑइलपेंट दिलेला होता. वजन कळू नये म्हणून डबा पाण्यात उतरल्यावरच बांधायचा आणि पाण्यातच सोडायचा, असा कडक नियम होता. शिकून गेलेल्यांनी पुढच्यांना सांगायचं नाही, अशी शपथही असे, आणि नवल म्हणजे ती पाळली जाई.

दोन हजार आठच्या मे महिन्यात बायकांच्या बॅचला तेरा जणी होत्या. दुपारी चार ते पाच हा तास त्यांचा. फाटकाला ताडपत्री लागे आणि पुरुषांत आत एकटे मास्तर, तेही काठावर. पाण्यात बायकांबरोबर नूतन असे. ती शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकत होती, हाताखालची शिक्षिका म्हणून दोन वर्षं तलावावर होती आणि त्या तासाला डब्याचं गुपित जाणणारी ती एकटीच.

या तासावर तलावाच्या कमिटीचा डोळा होता. तो शाळेच्या संघाला द्यावा असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. कमिटीतल्या सुलोचनाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. मागच्या वर्षी त्या न सांगता येऊन गेल्या, तेव्हा बॅच पाण्यात पाय सोडून तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या खात बसली होती. यंदा त्यांनी मास्तरांना बजावून सांगितलं, “एक जूनला मी स्वतः येणार. तेराच्या तेरा जणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून गेल्या, तर तास राहील. एक जरी राहिली, तरी पुढच्या वर्षी तास नाही.”

तेरावी होती रुक्माबाई. वय पन्नासच्या पुढं, माहेर-सासर दोन्हीकडे धानाची शेती. नागरा गावाच्या बाजूला त्यांची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत होतं आणि सून शहरात नर्स होती. जन्मभर गुडघाभर पाण्यात रोवणी केलेली ही बाई, पण कमरेच्या वर पाणी कधी अंगाला लागलं नव्हतं. सुनेचा सलवार-कुर्ता घालून त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा ओढणी कुठं ठेवावी हेच त्यांना कळेना. पण आठवडाभरात त्यांना या तासाची अशी चटक लागली की सुनेच्या ड्युटीचं निमित्त करून त्या साडेतीनलाच येऊन बसत.

“तुमाले एवढं काय आवडते जी इथं?” नूतननं एकदा विचारलं.

“घरी कोनी ना कोनी आवाज देतेच,” रुक्माबाई म्हणाल्या. “पान्यात कान बुडले का कोनाचाच आवाज येत नाही.”

नुसतं बसणं त्यांना माहीत नव्हतं. तलावावरच्या सामानाच्या खोलीतले डबे काठावर आणून ठेवायचं काम त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओढून घेतलं. मास्तरांना ते पटलं नव्हतं. पण रुक्माबाईंच्या हातून काम काढून घेणं म्हणजे गाईच्या तोंडची वैरण ओढणं. शिवाय ग्लास-दोन ग्लास पाण्यानं या बाईला काय कळणार, असंही मास्तरांना वाटलं. इथंच ते फसले.

महिना सरत आला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस सुरू झाले, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. पाण्यात बायका आता माशासारख्या नाही, पण म्हशीसारख्या तरी नक्की पोहत होत्या, आणि म्हैस उत्तम पोहते. रुक्माबाई मात्र पाण्यावर पुठ्ठ्यासारख्या तरंगत. हात हलत, पाय लोंबत. विसावा ग्लास सोमवारीच पडला होता; मास्तर ग्लास मोजत, डब्यात डोकावत नसत.

“काका, रुक्माबाईचा डब्बा लय वर दिसून राहिला,” नूतन म्हणाली. “भरला डब्बा असा तरंगते का?”

“डब्बा नाही, बाई तरंगून राहिली,” मास्तर म्हणाले. “जान आली तिच्या अंगात. पंधरा वर्षं झाली मले, डोळे हायेत का बटनं?”

मास्तरांना त्या दिवसांत काहीच खटकत नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यावरचा मोगरा माळी सुट्टीवर असतानाही भर उन्हात हिरवागार होऊन फुलला होता. मास्तरांनी त्याची फुलं घरी नेली, पण तो फुलला कशानं हे काही विचारलं नाही.

शनिवारी तेरा लाल डबे काठावर ओळीनं मांडले. बायका ओल्या कपड्यांनी समोर बसल्या. मास्तरांनी घसा साफ केला, पहिलं झाकण उघडलं आणि डबा उलटा केला. भळभळ पाणी सांडलं. एक किंकाळी, मग हसू. “अगा माय! म्हंजे आमी सोताच पोहून राहिलो होतो?” दुसरा डबा, तिसरा, बारावा. कुणी मास्तरांना शिव्या दिल्या, कुणी नूतनच्या गळ्यात पडलं. मास्तरांचा चेहरा जावयासारखा फुलला होता. मुद्दाम शेवटी ठेवलेला रुक्माबाईंचा डबा त्यांनी उचलला आणि उचलतानाच त्यांचा हात भसकन वर गेला. तरी सवयीनं त्यांनी तो उलटा केला. एक थेंब पडला.

मग रुक्माबाई खाली बघत म्हणाल्या, “रोज मोगऱ्याले घातलं जी मी.”

“काऊन?”

“मास्तर, सात वर्साची होती तवापासून मी डोक्यावर पान्याचा गुंड वाहून राहिली. विहिरीवरून घरी. मले हातात धरल्याबरोबर समजते, भांड्यात किती पानी हाय. पहिल्यांदा डब्बा उचलला तवाच समजलं. आंधी वाटलं, मास्तर आमाले बुडवून राहिले का काय! मंग पाह्यलं, तं बाकीच्या बाया बुडत नाहीत, उलट चांगल्या पोहून राहिल्या. तवा तुमची गोम समजली.”

“मंग बोलल्या काऊन नाही?”

“सांगितलं असतं तं साऱ्याच भेल्या असत्या. त्यायचं शिकनं होऊन राहिलं होतं, मी कायले मोडू? पन मले तं माहीत झालं ना. माहीत असून भरला डब्बा पाठीवर कसा बांधाचा? म्हनून आपलाच तेवढा रिकामा करो.”

मास्तर मटकन खुर्चीत बसले. त्यांना बाईचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. ज्या गुपिताचा त्यांना एवढा तोरा होता ते या बाईनं एका हातानं तोलून ओळखलं होतं आणि वर त्यांच्यापेक्षा चांगलं सांभाळलं होतं. आणि उद्या तिच्यापायी, खरं तर आपल्यापायी, सगळ्यांचा तास जाणार होता.

“तिले ताप आला म्हनून सांगू,” नूतन हळूच म्हणाली. “आजारी बाईले त्या धरनार नाहीत. बारा तं बारा.”

मास्तरांनी होकाराची मान हलवली. रुक्माबाईंनी ते ऐकलं. त्यांनी केस पिळले आणि त्या निघून गेल्या.

रविवारी सुलोचनाबाई छत्री आणि यादी घेऊन खुर्चीवर बसल्या. एकेक नाव घेत गेल्या, एकेक जण पाण्यात उतरून पलीकडच्या भिंतीला हात लावत गेली. बारा खुणा झाल्या. “रुक्मा चैनलाल,” त्यांनी पुकारलं. मास्तरांनी तापाचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खोलीतून रुक्माबाई आपला लाल डबा घेऊन बाहेर आल्या. काठावर उकिडव्या बसून त्यांनी तो पाण्यात बुडवला. बुडबुड करत डबा भरला. त्यांनी झाकण पिळून लावलं आणि नूतनला म्हणाल्या, “बांध.”

“डबा चालणार नाही,” सुलोचनाबाई कडाडल्या. “आधार घेऊन पोहणं मी धरणार नाही.”

“धरून पाहा जी,” म्हणत रुक्माबाईंनी डबा त्यांच्यापुढं केला. सुलोचनाबाईंनी तो एका हातानं घेतला आणि त्यांचा खांदा खाली गेला, छत्री पडली.

“अहो, हे तर ओझं आहे!”

“ओझंच हाय. पोहनं मले येते का नाही, माहीत नाही. ओझं वाह्याले मात्र येते. पाठ रिकामी असली का मन भेते.”

सुलोचनाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना खोटं आता बोलवेना. “त्या डब्यात आधार राहिला नाही बाई,” ते म्हणाले. “मी जबाबदार.”

रुक्माबाई पाण्यात उतरल्या, नूतननं डबा बांधला. अर्ध्यापर्यंत त्या बऱ्या गेल्या. मग तळ उतरत जातो तिथं त्यांची मान वर आली, पाय खाली लोंबले आणि डबा एका बाजूला घसरला. नूतननं दोन हात टाकून अंतर कमी केलं. मास्तर काठानं चालत होते. त्यांनी बांबू पुढं केला. बाईंनी तो धरला की तास गेला, न धरला आणि बुडाल्या तर त्याहून वाईट. आणि एकदम त्यांच्या तोंडून निघालं, “रुक्माबाई, गुंड सांडून राहिला!”

चाळीस वर्षं पाणी वाहिलेल्या अंगाला ते बरोबर समजलं. मान ताठ झाली, पाठ सरळ झाली, कंबर वर आली. डबा आपोआप मधोमध बसला. पाय हलायला लागले. मान सरळ झाल्याबरोबर त्यांचे कान पाण्यात गेले. काठावरून बारा बायका आणि मास्तर, पाण्यातून नूतन घसा फोडून ओरडत होते, त्यातलं त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्या आपल्या निवांत पाणी वाहत पलीकडे गेल्या आणि भिंतीला डोकं लागल्यावर थांबल्या.

सुलोचनाबाईंनी तेरावी खूण केली. मग पुन्हा एकदा, जरा मोठी. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. रुक्माबाई बाहेर आल्या, त्यांनी झाकण उघडलं आणि सगळा डबा घेऊन मोगऱ्याकडं निघाल्या.

“तलावाचं हाय ते, औषधाचं पानी,” नूतन ओरडली. “जळन ना झाड!”

तेव्हा त्यांनी तो मास्तरांच्या पायावर ओतला.

पुढच्या मे महिन्यात चार ते पाचच्या तासाला एकोणीस जणी आल्या. मास्तरांनी काठावर माठ आणि स्टीलचा ग्लास आणून ठेवला, पहिल्याच दिवशी सगळं गुपित सांगून टाकलं आणि म्हणाले, “आपापला डब्बा आपन भराचा. रोज एक ग्लास. जिले भेव वाटते, तिनं दोन दिवस थांबाचं.” पोटातलं बाहेर पडल्यामुळं त्यांना फार हलकं वाटत होतं. रुक्माबाई खोलीतून डबे आणून ओळीनं मांडत होत्या. मोगऱ्याला पाणी घालायचं काम मात्र त्या वर्षापासून नूतनकडं आलं.