दोन्ही कप्पे माझ्याच पोटात

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, माझ्याकडे फार निरखून बघू नका, मला लाज वाटते.

नवी होते तेव्हा तोरा काय होता माझा! अंधेरीच्या दुकानातून मला घाटकोपरच्या बुद्धविहारात आणलं. तिथला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या किरणताईंनी मला चार खणांच्या पेटीत बसवलं. बाकीचे खण रिकामेच होते. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जपायच्या, हे माझं काम. ताईंनी माझ्या पोटात दोन कप्पे केले, 'मूळ' आणि त्याच ओव्यांच्या दुसऱ्या प्रतीसाठी 'राखीव'. दुसरी डिस्क आली की 'राखीव' तिकडे हलवायचा, असं ठरलं होतं.

सगळ्यात गोड आवाज ताईंच्या आईचा, कमलमावशींचा. त्या जातं ओढत ओळ म्हणायच्या आणि समोरच्या शकुमावशी ती उचलायच्या. ऐकणारे माझंही कौतुक करायचे.

पुढे लोकांनी तीन नव्या डिस्क दान दिल्या. आमच्याकडे पंख्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं, मग डिस्क कशी सुटेल? प्रत्येकीवर नावाची पट्टी चिकटली, टाळ्या वाजल्या, चहा झाला. त्या गडबडीत कप्पा हलवायचा राहून गेला. सगळे धरून चालले की तो आपोआप गेला असेल. नव्या तिघी आयत्या बसून मिरवत होत्या. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे? आणि खरं सांगू, कौतुक मला गोड लागत होतं.

मग कमलमावशींना झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. पाठोपाठ मी कटकट वाजू लागले.

"काळजी नको, राखीवमध्ये सगळं आहे ना," किरणताई म्हणाल्या.

"मग दाखव की, कुठं हाय ते," शकुमावशी म्हणाल्या.

ताईंनी पेटीच्या सॉफ्टवेअरमधलं चित्र उघडलं. कुठला कप्पा कुठल्या डिस्कवर आहे, ते त्यात दिसतं. इतके दिवस त्या नुसती कप्प्यांची नावं बघून समाधान मानत होत्या. पडद्यावर चार पट्ट्या आल्या. तीन कोऱ्या होत्या. चौथी माझी, तिच्यावर दोन्ही रंग शेजारी शेजारी.

"वाट लागली," ताई हळूच म्हणाल्या. "दोन्ही हिच्यावरच आहेत. आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, दोन ठिकाणी ठेवलंय म्हणून."

दाराशी खुर्चीत कमलमावशी बसल्या होत्या. ताईंना आईकडे बघवेना. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. ताईंनी घाईघाईने ओव्या नव्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली आणि मी मध्येच बंद पडले. कमलमावशींची एकही ओवी निघाली नाही.

बाकीच्या बायका पुन्हा येऊन गायल्या. शेवटी शकुमावशी जात्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "कमल, ये गं. तुझी ओळ मी म्हणते."

कमलमावशींनी डाव्या हाताने खुंटा धरला. जातं फिरलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज नाही, फक्त बांगड्या वाजतात. किरणताई ते ऐकतात आणि मान खाली घालतात. मी वरच्या फळीवर धूळ खात पडले आहे, मलाही ऐकू येतं.

मित्रांनो, नुसत्या नावावर विसंबू नका. जपायची वस्तू खरोखर कुठे आहे, ते स्वतः उघडून बघा. आणि माणसाचा आवाज आहे तोवर बघा.