समुद्राची ओटी

यांना पोस्टात प्रवासाची सवलत मिळते, म्हणून सत्त्याहत्तर साली आम्ही दोघं अंदमानला जाऊन आलो आणि मी त्या बेटाच्या प्रेमातच पडले. आमच्या गावी, आंजीला परतल्यावर सासूबाईंनी माझा पिच्छा पुरवला. कुणी भेटलं की त्यांचं सुरू, "आमची सून हौसेनं काळ्या पान्याची सजा भोगून आली." सात वर्षं मी ते ऐकून घेतलं. चौऱ्याऐंशीत पुन्हा जायचं ठरलं तेव्हा यांना बजावलं, सासूबाई येतील तरच मी येईन. ते बेट एकदा त्यांच्या तोंडून चांगलं म्हणवून घ्यायचंच होतं मला.

सासूबाई सरळ विचारल्यानं थोड्याच येणार होत्या? मी म्हटलं, "भेव वाटत असंन तं राहू द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी काढली.

मद्रासपर्यंत आगगाडी, पुढं जहाज. पोहोचलो, तर बाई समुद्राकडे पाठ करून माडाखाली बसल्या. समोर एवढं निळं पाणी आणि या वाळूतले खेकडे हाकलतायत. रोज हेच. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटल्या दिवशी मात्र त्या पिशवी घेऊन उठल्या. आमच्याकडे बाया नदीवर गेल्या की तिची ओटी भरतात, मग ती धाम असो की वर्धा. समुद्राची राहिली तर गावात काय तोंड दाखवायचं? त्यांनी काठावरूनच हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला, डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर नारळ पायाशी. नदी दिलेलं घेऊन जाते. परत करणारं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काऊन वं माय," त्या समुद्राला म्हणाल्या, "माया हातची ओटी चालत नाई तुले?"

पुन्हा सोडला, पुन्हा परत. नकार ऐकून घेण्याचा त्यांचा स्वभाव नाही. लुगडं खोचून त्या गुडघाभर पाण्यात गेल्या, मग कमरेएवढ्या.

"माय, बस झालं," हे ओरडले.

"चूप राह्य."

तेवढ्यात मोठी लाट आली आणि त्या दिसेनाशा झाल्या. पाणी ओसरलं तेव्हा त्या उभ्या होत्या, अंबाडा सुटलेला, हात रिकामे, आणि खदखदून हसत होत्या. "घेतली वं तिनं."

मग त्या बाहेर येईनात. जहाजाची वेळ झाली म्हणून हे हाका मारून थकले. मी हात केला तर मलाच दरडावलं, "तिथं काय उभी राह्यली? ये आत." खरं सांगते, दोन्ही खेपांत मी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. पदर खोचला आणि शिरले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अशी जागा हाय तं आधी काऊन नाई आनलं मले?" त्या म्हणाल्या. "सांग त्याले, जहाज गेलं तं जाऊ दे. मी येत नाई अजून."

हेच तर मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी यांना सांगायला काठावर गेलेच नाही, पुढच्या लाटेकडे तोंड करून त्यांच्याशेजारी उभी राहिले.